फुटबॉल मॅनेजर: डावपेच आणि प्रशिक्षणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉल मॅनेजर हा संगणकावरील खेळ खेळणाऱ्या मराठी मंडळींकडून गेल्या काही वर्षांत जे प्रश्न मला पुन्हापुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात करून अपवादांकडे जावे असा क्रम ठेवला आहे. ज्या मुद्द्याचा खुलासा एकदा झाला, तो पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रोल, ड्युटी (दोन्हींचा खुलासा प्रश्न ५ मध्ये), मेंटॅलिटी (प्रश्न ६) ही नावे पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत, कारण त्यांना मराठी प्रतिशब्द दिले तर मेनूमध्ये ती शोधताना वाचकाचीच अडचण होते.

१. हा खेळ म्हणजे नेमके काय? यात खेळाडू आपण पळवायचे असतात का?

नाही. चेंडूला पाय लावण्याचे काम सर्वस्वी संगणकातील खेळाडूंचे असते. आपण प्रशिक्षक असतो: संघ निवडायचा, सराव ठरवायचा, डावपेच आखायचे, खरेदी-विक्री करायची आणि सामना सुरू झाला की मैदानाबाहेर उभे राहून पाहायचे व गरजेप्रमाणे बदल करायचे. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी १९९२ मध्ये 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आणला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाल्यावर जुने नाव त्या प्रकाशकाकडे राहिले आणि भावांच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २००४ पासून सेगा या नव्या प्रकाशकाच्या साथीने 'फुटबॉल मॅनेजर' या नावाने वाटचाल सुरू ठेवली. फुटबॉल पाहण्याची आवड एवढेच भांडवल सुरुवातीला पुरते. डावपेचांची परिभाषा खेळता खेळता अंगवळणी पडते.

२. माझ्याकडे २०२४ ची आवृत्ती आहे. येथील उत्तरे मला लागू पडतील का?

पडतील. २०२५ ची आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाली आणि त्यानंतर थेट २०२६ ची आवृत्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या इंजिनवर (खेळ चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर), महिला फुटबॉलसह आली. डावपेचांच्या दृष्टीने तिच्यात दोन मोठे बदल आहेत. चेंडू आपल्याकडे असतानाची आणि नसतानाची अशा दोन स्वतंत्र रचना आता आखता येतात, आणि डिफेन्ड, सपोर्ट, अटॅक या ड्युटी काढून टाकून प्रत्येक खेळाडूला दोन्ही स्थितींसाठी वेगळे रोल दिले जातात. अजून बरेच जण २०२४ चीच आवृत्ती खेळत असल्यामुळे मी तिचीच परिभाषा वापरली आहे आणि फरक महत्त्वाचा असेल तेथे तो नोंदवला आहे.

३. सुरुवात कोणत्या फॉर्मेशनने करावी? ४-३-३ सर्वांत चांगली, असे ऐकले आहे.

फॉर्मेशन म्हणजे संघाची रचना, आणि तिचे आकडे बचाव, मध्यफळी, आघाडी असे मागून पुढे मोजतात. कोणतीही रचना स्वतःहून चांगली नसते, हाती असलेल्या खेळाडूंसाठी ती चांगली किंवा वाईट ठरते. क्लब हाती घेतल्यावर मी पहिली गोष्ट करतो ती अशी: जागेचा विचार बाजूला ठेवून संघातील सर्वोत्तम पाच खेळाडूंची नावे वहीत लिहितो आणि हे पाचही जण आपापल्या सवयीच्या जागी खेळतील अशी रचना शोधतो. दोन उत्तम स्ट्रायकर (मधले आघाडीवीर) आहेत आणि धड एकही विंगर (कडेने खेळणारा आक्रमक खेळाडू) नाही, अशा संघावर ४-३-३ लादली तर एक चांगला स्ट्रायकर बाकावर बसतो आणि दोन सामान्य विंगर मैदानात येतात.

२०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीने इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली, ती क्लॉदिओ रानिएरी यांच्या ४-४-२ च्या बळावर. त्या काळी ही रचना जुनाट समजली जात होती, परंतु मोकळ्या जागेत धावणारा जेमी वार्डी, उजवीकडून आत वळणारा डावखुरा रियाद माहरेज आणि दोघांच्या वाटणीचे धावणारा एन्गोलो कान्ते यांना ती नेमकी बसत होती. ३८ सामन्यांत हा संघ फक्त तीन हरला. रचना खेळाडूंवर बेतली की काय होते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

४. डावपेचांच्या पडद्यावर दिसणारी रचना चेंडू आपल्याकडे असतानाची, की नसतानाची?

२०२४ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती मुख्यतः चेंडू नसतानाची, म्हणजे बचावाची रचना असते. हे ध्यानात न आल्यामुळे होणारे घोटाळे मी सर्वाधिक पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

समजा, तुम्ही ४-२-३-१ मांडली आणि दोन्ही विंगर आक्रमक मध्यफळीच्या ओळीत ठेवले. प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू गेला की हे दोघे वरच रेंगाळतात आणि तुमच्या फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) समोरचा विंगर व समोरचा फुलबॅक अशा दोघांशी एकट्याने झुंजावे लागते. तेच विंगर एक ओळ खाली, मध्यफळीत आणून ठेवले, तर रचना ४-४-१-१ होते आणि फुलबॅकला सोबत मिळते. हल्ल्याच्या वेळी मात्र, रोल आणि ड्युटी योग्य असतील, तर हे खेळाडू जवळजवळ पूर्वीच्याच जागी पोहोचतात. त्यामुळे 'विंगर खाली आणला म्हणजे हल्ला बोथट होईल' ही भीती बऱ्याच अंशी अनाठायी आहे.

हल्ल्यातील आकार रोलमधून घडतो. हाफ बॅक हा मध्यरक्षक दोन सेंटर बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) मध्ये उतरतो, इन्व्हर्टेड विंग बॅक हा फुलबॅक कडेने वर न जाता मध्यफळीत शिरतो, मेझाला हा मध्यरक्षक मध्यातून तिरका बाहेर सरकतो. म्हणूनच पडद्यावर ४-३-३ दिसणारा संघ प्रत्यक्षात ३-२-५ च्या आकारात हल्ला करताना आढळतो. २०२६ च्या आवृत्तीत हे दोन्ही आकार आपल्यालाच मांडायचे असल्याने अंदाज बांधावा लागत नाही, परंतु एक पथ्य पाळावे: एकाच खेळाडूच्या दोन जागांमधले अंतर जितके जास्त, तितका चेंडू गमावल्यानंतरचा मोकळा क्षण मोठा, आणि प्रतिहल्ला नेमका त्याच क्षणात होतो.

५. रोल आणि ड्युटी यांत फरक काय? किती खेळाडूंना अटॅक ड्युटी द्यावी?

रोल सांगतो की खेळाडूने कशा प्रकारे खेळावे. ड्युटी सांगते की त्याने किती पुढे जावे, किती लवकर जावे आणि किती धोका पत्करावा. विंग बॅकचा (कडेने वर जाणाऱ्या फुलबॅकचा) रोल तोच असला, तरी सपोर्ट ड्युटीवर तो चाल उभी राहण्याची वाट पाहून वर जातो आणि अटॅक ड्युटीवर संधी दिसताच धाव घेतो.

संख्येचा पक्का नियम नाही. दोन सेंटर बॅक आणि एक मध्यरक्षक मागे थांबतील, तिघे सातत्याने बचावफळीच्या मागे धावतील आणि उरलेले या दोन्ही गटांना जोडतील, अशी विभागणी नवख्या प्रशिक्षकाला सांभाळता येते. संख्येपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे जोड्या. डावा फुलबॅक, डावा मध्यरक्षक आणि डावा विंगर हे तिघे मिळून विचारात घ्यावेत: कडेला कोण राहणार, आतल्या पट्टीत (कड आणि मैदानाचा मध्य यांच्यामधल्या जागेत) कोण शिरणार, मागे कोण थांबणार? या तीन प्रश्नांना तीन वेगवेगळी नावे मिळाली, तर ती बाजू बसली असे समजावे. एकाच प्रश्नाला दोन नावे येत असतील, तर काय घडते ते प्रश्न ९ मध्ये पाहावे. ड्युटी नसलेल्या २०२६ च्या आवृत्तीतही हा हिशेब तंतोतंत लागू पडतो.

६. मेंटॅलिटी 'अटॅकिंग' ठेवली म्हणजे गोल जास्त होतील ना?

होतीलच असे नाही. 'व्हेरी डिफेन्सिव्ह' ते 'व्हेरी अटॅकिंग' अशा सात पायऱ्या असलेली ही पट्टी मुख्यतः धोका पत्करण्याची तयारी ठरवते. पायरी वर नेली की खेळाचा वेग वाढतो, बचावफळी पुढे सरकते, खेळाडू अवघड पास आणि लांबचे शॉट अधिक उतावीळपणे घेतात. समोरचा संघ पुढे येऊन खेळत असेल, तर याचा लाभ होतो. तो स्वतःच्या गोलपाशी दाटीवाटीने उभा असेल, तर घाईचा तोटाच होतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'बॅलन्स्ड' किंवा 'पॉझिटिव्ह' वर किमान पंधरा सामने खेळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 'कॉशस' या शब्दाला घाबरण्याचेही कारण नाही. चेंडू शांतपणे फिरवत ठेवून प्रतिस्पर्ध्याला बाहेर ओढणाऱ्या संघाला ती पायरी चांगली मानवते.

७. गेगेनप्रेस वापरले की पहिले दोन महिने जिंकतो आणि नंतर संघ कोसळतो. असे का?

गेगेनप्रेस म्हणजे चेंडू गमावताक्षणी, प्रतिस्पर्धी सावरण्याआधीच, त्याच्यावर झडप घालणे. युर्गेन क्लॉप यांच्या डॉर्टमुंडने २०११ आणि २०१२ मध्ये याच शैलीने जर्मन लीग सलग दोनदा जिंकली. खेळात ही शैली तयार साच्यातून एका टिचकीसरशी मिळते, आणि अडचण तेथूनच सुरू होते, कारण साचा मिळाला तरी ती झेपणारे खेळाडू मिळत नाहीत. स्टॅमिना, वर्क रेट, टीमवर्क, अॅग्रेशन आणि अँटिसिपेशन हे गुण किमान सात-आठ खेळाडूंमध्ये लीगच्या सरासरीहून वर हवेत, आणि आठवड्यात दोन सामने असतील तर बाकावरही तसेच खेळाडू हवेत. तसे नसेल, तर हिवाळा येईपर्यंत दुखापती वाढतात आणि दमलेला संघ अर्ध्या मनाने प्रेस करू (चेंडू असलेल्यावर दबाव टाकू) लागतो. अर्धवट प्रेस हा न केलेल्या प्रेसपेक्षा घातक असतो, कारण पुढचे जागा सोडून गेलेले असतात आणि चेंडू मात्र हाती लागलेला नसतो.

दुसरी चूक ओळींच्या अंतराची. लाइन ऑफ एंगेजमेंट (जेथून प्रेस सुरू करायचा ती रेषा) वर आणि बचावफळी खाली, अशी मांडणी पुष्कळ जण 'दोन्हीकडून सुरक्षित' म्हणून करतात. त्यातून मध्यभागी ओसाड माळरान तयार होते आणि प्रतिस्पर्ध्याचा प्लेमेकर (चाली रचणारा खेळाडू) तेथे निवांत वळतो. अॅरिगो साक्की यांच्या मिलानने १९८९ आणि १९९० मध्ये युरोपियन कप जिंकले, तेव्हा पहिल्या बचावपटूपासून शेवटच्या आघाडीवीरापर्यंतचे अंतर सुमारे २५ मीटर राहावे, असा साक्की यांचा आग्रह असे. प्रेस वर न्यायचा असेल, तर बचावफळीही वर न्यावी. बचावपटू धिमे असल्यामुळे ते शक्य नसेल, तर प्रेसच खाली आणावा.

८. इंटरनेटवरून उतरवलेली टॅक्टिक दुसऱ्याला लीग जिंकून देते आणि मला नाही. ती फसवी असते का?

फसवी नसते, पण दुसऱ्याच्या मापाची असते. ज्याने ती बनवली, त्याचे खेळाडू, त्याच्या लीगची पातळी आणि त्याच्या सेव्हची (साठवून ठेवलेल्या चालू डावाची) आवृत्ती वेगळी असते. तुमच्या संघाला ती नवी असल्यामुळे टॅक्टिकल फॅमिलिॲरिटीही (खेळाडूंना तिची किती सवय झाली याचे माप) शून्याजवळून सुरू होते. उतरवलेली टॅक्टिक अभ्यासासाठी जरूर उघडावी, प्रत्येक सूचना कशासाठी दिली असेल याचा तर्क करावा, आणि मग प्रश्न ३ व ५ मधील पद्धतीने आपली स्वतःची बांधावी. स्वतः बांधलेली टॅक्टिक बिघडली, तर कोणता खिळा ढिला झाला हे निदान कळते.

९. वीस-पंचवीस शॉट मारूनही हरतो. हा खेळातला दोष आहे का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि तो विचारणाऱ्याचे दुःख मला पूर्णपणे समजते, कारण त्याच दुःखातून मी सामना पाहायला शिकलो. शॉटची संख्या मोजण्याआधी शॉटची प्रत मोजावी. त्यासाठी खेळात एक्सजी हा आकडा दिलेला असतो: त्या जागेवरून तशा शॉटवर गोल होण्याची शक्यता. पेनल्टीचा एक्सजी साधारण ०.७५ ते ०.८ धरला जातो, तर पेनल्टी क्षेत्राबाहेरून मारलेल्या बहुतेक शॉटचा ०.०३ च्या आसपास भरतो. म्हणजे लांबून वीस शॉट मारले, तरी बेरीज ०.६ होते आणि गोलसमोरच्या ०.३ च्या केवळ तीन संधींची बेरीज ०.९ होते.

माझ्या एका सेव्हमधला सामना सांगतो. इंग्लंडमधील दुसऱ्या श्रेणीचा संघ माझ्याकडे होता, घरचे मैदान होते आणि समोर तळाचा क्लब होता. माझे २४ शॉट, त्यांचे तीन आणि निकाल ०-१. माझा एक्सजी जेमतेम १.१ होता. त्या रात्री मी तो सामना टूडीमध्ये (खेळाडू वरून वर्तुळांसारखे दिसतात त्या दृश्यात), संपूर्ण, दोनदा पाहिला. एक्सटेंडेड हायलाइट्समध्ये (निवडक प्रसंगांत) जे कधीच दिसले नव्हते, ते विसाव्या मिनिटापर्यंत डोळ्यांत भरले: डावीकडे मी इनसाइड फॉरवर्ड (कडेवरून आत वळणारा आघाडीवीर) अटॅकवर, मेझाला अटॅकवर आणि विंग बॅकही अटॅकवर ठेवला होता. चेंडू उजवीकडे असताना इनसाइड फॉरवर्ड आणि मेझाला दोघेही डावीकडच्या एकाच आतल्या पट्टीत येऊन उभे राहत, इतके जवळ की त्यांची दोन वर्तुळे पडद्यावर एकमेकांना चिकटत. एक बचावपटू दोघांना पुरत होता. वाट बंद दिसल्यावर चेंडू मागे येई आणि कोणीतरी पंचवीस मीटरवरून मारून टाकी. त्यांचा गोलही तेथूनच झाला. विंग बॅक वर गेलेला, मेझाला आत अडकलेला, आणि मागे पडलेल्या त्या रिकाम्या पट्ट्यातून त्यांचा उजवा विंगर एकटा निघाला.

दुसऱ्या दिवशी मी एकच बदल केला. मेझाला काढून त्या जागी सपोर्ट ड्युटीवर कॅरिलेरो (बाजूला सरकून कडेची जागा झाकणारा मध्यरक्षक) ठेवला. पुढच्या काही सामन्यांत शॉट घटले, तरी एक्सजी वाढला आणि डाव्या बाजूने होणारे प्रतिहल्ले जवळजवळ थांबले.

नशिबाचा भाग असतोच. एखाद्या दिवशी समोरचा गोलरक्षक सगळे अडवतो. तो भाग किती, हे कसे ओळखावे, ते प्रश्न १७ मध्ये दिले आहे.

१०. गोलपाशी अकरा जण उभे करणारा संघ फोडायचा कसा?

त्याला बाहेर ओढावे किंवा ताणावे. ताणण्यासाठी दोन्ही कडांना कोणीतरी शेवटपर्यंत रेषेजवळ राहायला हवे. दोन्ही विंगर आत वळणारे आणि दोन्ही फुलबॅकही आत शिरणारे असतील, तर बचाव करणाऱ्याला रुंदीची चिंताच उरत नाही. बाहेर ओढण्यासाठी मेंटॅलिटी एक पायरी खाली आणून चेंडू मागे फिरवावा. घरच्या मैदानावर हे भित्रेपणाचे वाटते, तरी त्याने उपयोग होतो. पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर परतून बाहेर येणाऱ्या चेंडूसाठी एक मध्यरक्षक थांबलेला असावा. आणि कॉर्नर व फ्री किक यांचे आराखडे स्वतः आखावेत. २०२४ च्या आवृत्तीत सेट पीसची (अशा थांबलेल्या चेंडूवरून होणाऱ्या चालींची) सोय मुळापासून नव्याने केलेली आहे आणि कोंडी झालेल्या सामन्यात तिच्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही.

११. आघाडी असताना शेवटच्या दहा मिनिटांत गोल खातो. तेव्हा 'व्हेरी डिफेन्सिव्ह' करावे का?

एकदम टोकाला जाऊ नये. तसे केले की संघ स्वतःच्या गोलपाशी घुसतो, चेंडू मिळाला की तो नुसता लांब भिरकावतो, आणि तोच चेंडू अर्ध्या मिनिटात परत येतो. एक किंवा दोन पायऱ्या खाली यावे, एका अटॅक फुलबॅकला सपोर्ट किंवा डिफेन्डवर आणावे आणि बदली खेळाडू सत्तरीच्या आसपासच उतरवावेत, कारण उशिराचे बहुतेक गोल थकलेल्या पायांमुळे होतात. पाच बदलांची मुभा २०२२ पासून फुटबॉलच्या नियमांत कायमची झाली असल्यामुळे मध्यफळीत दोन ताजे खेळाडू आणणे आता महाग पडत नाही. वर चेंडू धरून ठेवणारा एक जण मात्र ठेवावाच.

१२. खेळाडूच्या पानावरील इतक्या आकड्यांपैकी कोणते पाहावेत? आणि तारे कितपत खरे?

गोलरक्षक सोडून इतर खेळाडूंचे ३६ गुण १ ते २० या पट्टीवर दिसतात: १४ तांत्रिक, १४ मानसिक आणि ८ शारीरिक. सगळे पाहू गेल्यास डोके चक्रावते. तुम्ही दिलेल्या रोलवर कर्सर नेला की त्याला लागणारे गुण रंगाने उठून दिसतात, तेवढे आधी पाहावेत. माझा कल मानसिक गुणांकडे आहे. डिसिजन्स, अँटिसिपेशन आणि कॉन्सन्ट्रेशन चांगले असलेला धिमा सेंटर बॅक खालच्या बचावफळीत मला अनेक हंगाम तारून गेला आहे. बचावफळी वर नेणाऱ्या संघात मात्र वेगाला पर्याय नाही.

तारे सापेक्ष असतात. ते तुमच्याच संघातील इतरांच्या तुलनेत दिले जातात, म्हणून साडेतीन ताऱ्यांचा खेळाडू मोठ्या क्लबमध्ये जाताच दीड ताऱ्याचा दिसतो. शिवाय ते मत तुमच्या प्रशिक्षकाचे किंवा स्काउटचे (खेळाडू हेरणाऱ्याचे) असते आणि त्याची पारख कच्ची असेल, तर तारेही कच्चे. पडद्याआड खेळाडूची सध्याची क्षमता आणि कमाल क्षमता २०० पैकी आकड्यांत नोंदलेली असते. सेव्ह सुरू झाल्यावर कमाल क्षमता बदलत नाही. मात्र काही तरुणांना ठरावीक आकड्याऐवजी एक पट्टा दिलेला असतो आणि त्यातला आकडा प्रत्येक नव्या सेव्हमध्ये नव्याने ठरतो. मित्राच्या सेव्हमध्ये जगज्जेता झालेला मुलगा तुमच्याकडे सामान्य निघण्याचे एक कारण हे आहे.

१३. सराव स्वतः ठरवावा की सहायकावर सोपवावा?

साप्ताहिक वेळापत्रक सहायकावर सोपवायला हरकत नाही. दोन बाबी मात्र स्वतःकडे ठेवाव्यात. पहिली, हंगामापूर्वीच्या काळात डावपेचांच्या सरावाला झुकते माप द्यावे, म्हणजे पहिल्या लीग सामन्याआधी रचना अंगी मुरते. दुसरी, प्रत्येक खेळाडूचा वैयक्तिक सराव त्याला दिलेल्या रोलशी जुळवावा. नवी जागा शिकायला महिने लागतात आणि ती पंचविशीच्या आतल्या खेळाडूला लवकर जमते. दर सामन्याला रचना बदलणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती यातले काहीच लागत नाही. खेळ तीन टॅक्टिक बाळगू देतो, परंतु दुसरी व तिसरी ही पहिलीचीच सौम्य आणि आक्रमक रूपे असावीत.

१४. हुशार मुलगा तीन वर्षे अकादमीत असूनही वाढत नाही. काय चुकते?

बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट: खेळायला मिळत नाही किंवा स्वभाव आड येतो. अठराच्या पुढे नुसत्या सरावाने भागत नाही, खरे सामने लागतात. बाकावर वर्ष घालवण्यापेक्षा खालच्या लीगमधील क्लबला, नियमित खेळवण्याच्या अटीवर, उधार द्यावा. स्वभावाबाबत सांगायचे, तर प्रोफेशनॅलिझम हा गुण पानावर आकड्यात दिसत नाही. तो 'मॉडेल सिटिझन', 'प्रोफेशनल' अशा वर्णनावरून ओळखावा लागतो. वाढीवर त्याचा परिणाम फार मोठा असतो. मेंटॉरिंगच्या (ज्येष्ठाच्या सहवासात तरुण घडवण्याच्या) गटात अशा वर्णनाचा, संघात वजन असलेला ज्येष्ठ खेळाडू आणि दोन तरुण ठेवले, तर काही महिन्यांत फरक पडू लागतो. आळशी ज्येष्ठाला चुकूनही त्या गटात घालू नये, कारण गुणांप्रमाणे दोषही उतरतात.

१५. फॉल्स नाइन लावला की गोलच होत नाहीत. हा रोल निकामी आहे का?

फॉल्स नाइन म्हणजे पुढे न थांबता मागे सरकून खेळणारा मधला आघाडीवीर. रोल चांगला आहे, सोबत चुकते. १९५३ मध्ये वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने हरवले, तेव्हा नांदोर हिदेगकुटी सेंटर फॉरवर्डच्या जागेवरून मागे सरकत राहिला आणि त्याच्यामागे जावे की जागा धरावी हे इंग्लंडच्या सेंटर हाफला (मधल्या बचावपटूला) शेवटपर्यंत उमगले नाही. हिदेगकुटीने तीन गोल केले. २ मे २००९ रोजी रेआल माद्रिदच्या मैदानावर पेप ग्वार्दिओला यांनी मेस्सीला तसेच खेळवले आणि बार्सिलोनाने ६-२ असा विजय मिळवला. पण त्या दिवशी थिएरी ऑन्री आणि सॅम्युएल एटो हे दोघे कडांवरून, मेस्सीने मोकळ्या केलेल्या जागेत धावत होते. मधला मागे आला आणि त्याच्या जागेत कोणीच गेले नाही, तर बचावफळीला काहीच त्रास होत नाही. म्हणून फॉल्स नाइनच्या दोन्ही बाजूंना अटॅक ड्युटीवरचे, वेगवान, गोल करणारे खेळाडू हवेत. ते नसतील, तर हा रोल दुसऱ्या हंगामासाठी राखून ठेवावा.

१६. भारतीय क्लब घेऊन खेळताना वेगळे काय करावे?

इंडियन सुपर लीगमध्ये २०२१-२२ च्या हंगामापासून मैदानावर एकावेळी चारच परदेशी खेळाडू ठेवता येतात, आणि सारे डावपेच या चार जागांभोवती फिरतात. मुंबई सिटी किंवा एफसी गोवा हाती घेतल्यावर चारही परदेशी आघाडीत लावण्याचा मोह होतो. माझा अनुभव असा की एक सेंटर बॅक, एक मध्यरक्षक आणि दोन आघाडीवर, अशी मधल्या कण्याने विभागणी अधिक टिकते, कारण भारतीय खेळाडूंमध्ये चांगले विंगर आणि फुलबॅक तुलनेने सहज मिळतात. बदली करताना परदेशी खेळाडूच्या जागी परदेशीच उतरवावा लागू नये, म्हणून बाकावरील भारतीय खेळाडू त्या रोलमध्ये आधीपासून तयार करावा.

कमी पैशांत काय साधते, हे पाहायचे असेल, तर ऐझॉल एफसीचा २०१६-१७ चा हंगाम आठवावा. आदल्या हंगामात पदावनतीच्या जागेवर गेलेल्या आणि पुन्हा लीगमध्ये घेतल्या गेलेल्या या मिझोरामच्या क्लबने खालिद जमील यांच्या हाताखाली थेट आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकली.

१७. हरलेला सामना सेव्हवरून पुन्हा खेळला, तर कधी जिंकतो, कधी हरतो. मग टॅक्टिक चांगली की वाईट, हे कसे ठरवावे?

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा निम्मा भाग आहे: एका सामन्यावरून ते ठरत नाही. तीच टॅक्टिक, तेच खेळाडू आणि तोच प्रतिस्पर्धी असूनही निकाल बदलतो, कारण प्रत्येक शॉटला शक्यता असते, खात्री नसते. म्हणून मी आठ ते दहा सामन्यांचा एक्सजी आणि प्रतिस्पर्ध्याचा एक्सजी शेजारी शेजारी लिहून ठेवतो. आपला सातत्याने जास्त असेल आणि तरीही गुण कमी पडत असतील, तर हात लावू नये, गाडी रुळावर येते. आपला कमी असूनही जिंकत असाल, तर जिंकत असतानाच दुरुस्ती सुरू करावी. बदल एका वेळी एकच करावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर काय लागू पडले ते कधीच कळत नाही.

येथे एक अपवाद आहे. समोरच्या संघाने एखाद्या बाजूने तुम्हाला अर्ध्या तासात तीनदा फोडले असेल, तर दहा सामन्यांची वाट पाहू नये, त्याच क्षणी ती बाजू बंद करावी. आकडे सवयीचे निदान करतात, चालू सामन्यातली जखम मात्र डोळ्यांनीच पाहावी लागते. सामना पुन्हा खेळण्याविषयी मी कोणाला दोष देत नाही, पण त्या सेव्हमध्ये हरण्यातून मिळणारी माहिती वाया जाते.

१८. या खेळावरून खरा प्रशिक्षक होता येते का?

या आवडीतून प्रशिक्षणाकडे वळलेली माणसे आहेत. विल स्टिल हे बालपणापासून हाच खेळ खेळत आले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, तिशीत पदार्पण करताच, त्या वेळी फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीत असलेल्या रॅन्स या क्लबचे प्रशिक्षक झाले. तेव्हा त्यांच्याकडे युएफाचा (युरोपीय फुटबॉल संघटनेचा) प्रो परवाना नसल्यामुळे प्रत्येक सामन्याला २५,००० युरो दंड भरण्याची तयारी क्लबने दाखवली. मात्र त्याआधी त्यांनी प्रशिक्षणाचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि व्हिडिओ विश्लेषक म्हणून क्लबांमध्ये कामही केले होते.

खेळातून एक सवय नक्की लागते, ती म्हणजे चेंडू सोडून इतर खेळाडूंकडे पाहण्याची. जो फुलबॅकची जागा टूडीमध्ये हेरू शकतो, त्याला ती प्रत्यक्ष सामन्यातही दिसू लागते. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिल्या स्पर्शात चेंडू कसा काबूत घ्यावा हे दाखवणे, पावसाने चिखल झालेल्या मैदानावर वीस मुलांना तासभर हालते ठेवणे, बदली केल्यामुळे रुसलेल्या पोराशी बोलणे, यातले काहीही कोणताही मेनू शिकवत नाही. ते मैदानावरच शिकावे लागते. भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची शिडी डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढत जाते. डी परवान्याचे वर्ग राज्य संघटनांमार्फत भरतात. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आणि गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशनकडे त्यांची चौकशी करावी, आणि वर्गाला जाण्यापूर्वी जवळच्या शाळेच्या किंवा सोसायटीच्या मुलांना काही महिने शिकवून पाहावे.